पायलट ट्रेनिंगसाठी गॉगल कोणता? पोलराइज्ड घेऊ का?

आमगावकर
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं फ्लाइंग ट्रेनिंग सुरू होतंय, गोंदियाला, बिरसीच्या धावपट्टीवर. विमान डायमंड डीए४०. मेडिकल झालं, डीजीसीएचे, म्हणजे सरकारी विमान खात्याचे, पेपर झाले, आता साहेबांचं घोडं अडलंय गॉगलवर. मामा दुबईहून येतायत, ते रोज विचारतात काय आणू सांगा लवकर. इथे दुकानात गेलो तर त्या पोराने पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणारे, काढून दिले, सोबत ते एक कार्ड असतं ना, साध्या डोळ्याला नुसतं निळं दिसतं आणि गॉगल लावला की त्यात मासा दिसतो, ते दाखवून म्हणे सर पायलट लोक हेच नेतात. भावाला नंबर आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस सव्वा. आई म्हणते उन्हात काळा होणारा चष्माच कर, म्हणजे दोन दोन सांभाळायला नकोत. बजेट दहा हजार, मामा आहेत म्हणून थोडं ताणता येईल. कुणी प्रत्यक्ष उडवणारं असेल तर सांगा प्लीज.

उजवी_सीट
एअरबसवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. पोलराइज्ड अजिबात घेऊ नका, तो मासा दुकानातच राहू द्या.

कारण सांगतो. डीए४० मध्ये बहुतेक जी१००० असतो, म्हणजे समोर दोन मोठे एलसीडी स्क्रीन. एलसीडीचा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो, त्यावर तुमची पोलराइज्ड काच आली की ठरावीक कोनात स्क्रीन मंद होतो नाहीतर चक्क काळा पडतो. मान थोडी तिरकी केली की स्पीड दिसतोय, सरळ केली की गायब, असले खेळ फायनल अप्रोचवर, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात, कुणाला हवेत? दुसरं म्हणजे कॅनॉपी, डोक्यावरचं पारदर्शक झाकण. ती ॲक्रिलिकची असते, पोलराइज्ड काचेतून तिच्यात इंद्रधनुष्यासारखे पट्टे नि डाग दिसायला लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानदार कधीच सांगणार नाही. दूरचं विमान पुष्कळदा आधी विमान म्हणून दिसतच नाही, त्याच्या पंखावर किंवा काचेवर ऊन चमकतं ती चमक दिसते. पोलराइज्ड काच नेमकी तीच चमक खाते. ट्रेनिंगच्या एअरफील्डवर एका सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, तीन तीन पोरं फिरत असतात, तिथे ती चमक सोन्याच्या भावाची. अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान खात्याचं, पायलटांच्या गॉगलवर एक छोटं पत्रक आहे, त्यातही पोलराइज्ड नको म्हणून हीच कारणं दिलीत.

आईंना सांगा, काळा होणारा चष्मा यूव्हीवर, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांवर चालतो. कारमध्ये बसल्यावर तो धड काळा होत नाही बघा, कारण पुढची काच यूव्ही अडवते. कॉकपिटमध्येही थोडाफार तोच प्रकार. आणि काळा झालाच तर परत साफ व्हायला काही मिनिटं घेतो, तेवढ्यात तुम्ही उन्हातून ढगाखाली आलेले असता.

जुनं_इंजिन
इतकं काय त्यात. आम्ही घड्याळांच्या डायलवाली विमानं उडवली, जो मिळेल तो गॉगल लावून. आणि पोराला आधी सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, तरी होऊ दे, मग स्टाइल मारेल 😀

उजवी_सीट
काका, डायलवाल्या विमानात स्क्रीन नव्हताच, त्यामुळे तेवढं बरोबर आहे तुमचं. पण ट्रॅफिक तेव्हाही चमकूनच दिसायचं.

चष्मेवाला_नाशिक
धंद्याने ऑप्टोमेट्रिस्ट, विमानात फक्त प्रवासी म्हणून 😀 काचेचं मी सांगतो.

नंबर आहे ना, मग मामांना फक्त फ्रेम आणायला सांगा, काचा इथे बसवा. साध्या सीआर-३९ प्लास्टिकच्या नंबरच्या काचेला ग्रे टिंट मारून मिळतो, वर यूव्ही अडवणारं यूव्ही४०० करून घ्या, सगळं मिळून बजेटच्या बरंच आत बसतं. टिंट ग्रे किंवा हिरवट ग्रे, कारण त्यात रंग बदलत नाहीत, ब्राऊनही चालतो. पिवळ्या काचा नकोत, धुरकट हवेत छान वाटतात पण रंगांची वाट लावतात, आणि तिथे लाल हिरवे दिवे ओळखायचेत. गडदपणा असा की साधारण १५ टक्के प्रकाश आत यावा. कॅटेगरी ३ लिहिलेलं असतं त्यात ८ ते १८ टक्के येतो, तेच मागा. कॅटेगरी ४ बर्फातली, ती गाडी चालवायलाही चालत नाही.

गडद काच म्हणजे यूव्ही अडलं असं नाही हो, हे दोन वेगळे विषय आहेत. रस्त्यावरचा काळाकुट्ट गॉगल घातला की बाहुली मोठी होते आणि काच यूव्ही अडवत नसेल तर ते उलट जास्त आत जातं. वर गेल्यावर यूव्ही दर हजार फुटाला अंदाजे ५ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे पाच हजार फुटावर पाव पट जास्त धरा. पॉलिकार्बोनेट काच फुटत नाही आणि यूव्ही स्वतःच अडवते पण ओरखडे लवकर पडतात. खरी काच सगळ्यात स्वच्छ दिसते, फक्त नाकावर ओझं.

फ्रेम गालाकडे वळलेली, खेळाडू घालतात तसली घेऊ नका, नंबर बसवला की कडेला वाकडं दिसतं.

उजवी_सीट
+१. आणि काड्या! काड्या पातळ हव्यात, सपाट धातूच्या. जाड प्लास्टिकची काडी असली की हेडसेटची गादी कानाला नीट टेकत नाही, फटीतून इंजिनाचा आवाज आत येतो, शिवाय तासाभरात कानाच्या वर ठणका लागतो. अमेरिकन ऑप्टिकलच्या पायलट फ्रेमला आणि रँडॉल्फला सरळ काडी मिळते, कानामागे न वळणारी, हेडसेट न काढता गॉगल सरकवून काढता येतो. मामांना हे दोन शब्द व्हॉट्सॲप करा. रे-बॅनचा एव्हिएटर १९३७ पासूनचा, दिसतो झकास, पण त्याची काडी कानामागे वळते आणि डुप्लिकेट इतके की विचारू नका.

अजून एक. मेडिकलच्या कागदावर चष्म्याची अट असेल तर नंबरचा दुसरा जोड जवळ ठेवावाच लागतो. तो साधा, बिनरंगी ठेवा, म्हणजे ऊन गेल्यावर उपयोगी पडतो. गॉगल लावून अंधारात लँडिंग करायची वेळ नको.

आमगावकर
बापरे, दुकानात पैसे देता देता राहिलो म्हणायचं. सगळ्यांना धन्यवाद. मामा ड्यूटी फ्रीमधून घेणार, तिथे पोलराइज्ड आहे की नाही हे कसं ओळखायचं? त्यांना वाचून काही कळणार नाही.

चष्मेवाला_नाशिक
गॉगल मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू गोल फिरवायचा. मध्येच स्क्रीन काळा झाला की पोलराइज्ड. काही मोबाइलवर नीट कळत नाही, मग पोलराइज्डच म्हणून विकतात असा एक गॉगल तिथेच मागायचा आणि एकमेकांवर आडवे उभे धरायचे. दोन्ही पोलराइज्ड असतील तर आरपार काहीच दिसत नाही. पण काचा इथेच बसवणार असाल तर कशाला एवढा खटाटोप, नुसती फ्रेम आणा.

जुनं_इंजिन
टोपीपण घे म्हणावं. त्या डायमंडला डोक्यावर सगळी काचच आहे, विदर्भाचं ऊन थेट टाळूवर. फक्त वर मधोमध बटण असतं ना, ते नसलेली घे नाहीतर कापून टाक, हेडसेटचा पट्टा बरोब्बर त्यावर बसतो आणि डोकं ठणकतं.