शेजारच्या देशात पैसे कुठे आणि कसे बदललेत? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. गेल्या कार्तिकात आईला पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करून आणलं. निघण्याआधी पैशांबद्दल दहा जणांना विचारलं आणि दहा वेगळी उत्तरं मिळाली. म्हणून हा धागा. नेपाळ, भूतान, श्रीलंका, कुठेही गेला असाल तर तुमचं काय झालं ते लिहा. फायदा झाला तेही आणि फसलात तेही.

सुरुवात मी करतो. नेपाळी रुपयाचा आपल्या रुपयाशी दर 1993 पासून बांधलेला आहे, आपल्या 1 रुपयाला 1.60 नेपाळी. तो रोज हलत नाही. त्यामुळे तिथे प्रश्न एवढाच की समोरचा पूर्ण 1.60 देतो की नाही. सोनौलीला सीमा ओलांडल्याबरोबर एकाने 1.55 सांगितला, "पुढे यापेक्षा कमीच मिळेल" असंही म्हणाला. मी 25,000 रुपये काढायला निघालो होतो. आईने हात धरला, "आज लागतील तेवढेच बदल." 5,000 बदलले. काठमांडूत ठमेलला गल्लीगल्लीत 'मुद्रा सटही' असे फलक आहेत (सटही म्हणजे अदलाबदल), तिथे पूर्ण 1.60 मिळाला. 25,000 सीमेवरच बदलले असते तर 1,250 नेपाळी रुपये, म्हणजे आपले जवळजवळ 780 रुपये गेले असते. मुक्तिनाथच्या वाटेवर तेवढ्यात आम्हा दोघांचं एका दिवसाचं जेवण झालं.

नाशिकहून

तुमच्या आईंचं अगदी बरोबर. मला एक भर घालायची आहे. काठमांडू-पोखऱ्यात बरेच दुकानदार आपल्या शंभराच्या नोटा थेट घेतात. किंमत सांगितली की आधी विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. मी हे न विचारता शाल घेतली. 1,200 एनसीची शाल, 1.60 ने 750 रुपये व्हायला हवे होते. त्याने 1.50 चा हिशेब लावून 800 घेतले. रक्कम छोटी, पण आठ दिवस प्रत्येक खरेदीत असं होत राहिलं तर बरंच जातं.

तोंडी हिशेबाची युक्ती: नेपाळी रकमेचे निम्मे करा आणि त्यात मूळ रकमेचा आठवा हिस्सा मिळवा. 800 चे निम्मे 400, आठवा हिस्सा 100, झाले 500 भारतीय.

पुण्याहून

शंभराच्याच नोटा का, हे नव्याने जाणाऱ्यांसाठी सांगतो. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने 200, 500 आणि 2,000 च्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. हे नियम बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघूनच नोटा घ्या. शंभराच्या नोटा मात्र कधीच अडत नाहीत. बँकेत दोन-चार दिवस आधी सांगून ठेवा, ऐनवेळी शंभराची पुडकी मिळत नाहीत.

ठाण्याहून

आम्ही दोघं 2024 मध्ये श्रीलंकेला गेलो. घोळ आम्ही घरातूनच सुरू केला. इथे रुपये देऊन डॉलर घेतले आणि तिथे डॉलर देऊन श्रीलंकन रुपये. दोनदा बदल म्हणजे दोनदा वटणावळ. पहिल्या दिवशी विमानतळावर बँकांच्या खिडक्या ओळीने होत्या. तीन ठिकाणी दर विचारून थोडे बदलले, तो दर चांगला होता. चौथ्या दिवशी कंटाळा करून हॉटेलच्या काउंटरवर बदलले आणि तिथे सरळ नुकसान झालं.

त्याहून मोठी चूक कार्डाची. जेवणाचं बिल देताना मशीनने विचारलं, आयएनआर की एलकेआर? आपला रुपया ओळखीचा म्हणून मी आयएनआर दाबलं. रात्री मोबाइलवर आकडा बघितला तेव्हा कळलं की मशीनवाल्याने त्याचा दर लावला आहे. तिथलं चलनही रुपयाच असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पडद्यावर पर्याय आला तर नेहमी तिथलं चलन निवडा.

डोंबिवलीहून

वरच्या ताईंशी सहमत. मी परकीय चलनाच्या खिडकीवर बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 'कमिशन नाही' या पाटीला काही अर्थ नसतो. कमाई खरेदी आणि विक्रीच्या दरातल्या फरकात असते. दर विचारत बसू नका, एकच प्रश्न विचारा: "एवढे रुपये देतो, सगळं कापून हातात किती मिळतील?" तोच आकडा तीन ठिकाणी विचारा. लहान रक्कम वारंवार बदलली की जीएसटीही प्रत्येक वेळी लागतो, आणि तो किमान 45 रुपये असतो. डॉलरच्या नोटा घेताना घडी, शिक्का, पेनाची खूण काही नको. अशी नोट तिकडे एक तर कमी दराने घेतात, नाही तर परत करतात.

परत आल्यावर उरलेलं परकीय चलन 180 दिवसांत बँकेत द्यायचं असतं, 2,000 डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं. नेपाळ आणि भूतानसाठी मात्र आपल्या बँका परकीय चलन देतच नाहीत, तिथे रुपयाच न्यायचा.

कोल्हापूरहून

भूतानला मोटरसायकलने गेलो होतो. तिथे बदलायचं काहीच नाही. तिथलं चलन न्गुल्त्रुम 1974 पासून आपल्या रुपयाच्या बरोबरीने चालतो आणि आपला रुपया सगळीकडे घेतात. अडचण सुट्यांची. आपण रुपये देतो आणि मोड न्गुल्त्रुममध्ये मिळते. फुन्त्शोलिंगहून सीमा ओलांडून आपल्या बाजूच्या जयगावला आलो तेव्हा खिशात 1,800 न्गुल्त्रुम होते. जयगावच्या बाजारात ते चालतात, हे मला माहीत नव्हतं. ते तसेच घरी आणले आणि अजून कपाटात आहेत. शेवटच्या दिवशी आधी न्गुल्त्रुम संपवा, पेट्रोल, जेवण, काहीही. पर्यटकाला दर रात्री माणशी 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क असतं, ते आधीच बाजूला काढून ठेवा.

नांदेडहून

आम्ही 2023 मध्ये पाकिस्तानातल्या कर्तारपूर साहिबला गेलो होतो. (2025 च्या मे महिन्यात तो मार्ग बंद झाला, पण अनुभव म्हणून लिहिते.) माणशी 20 डॉलर शुल्क होतं. आम्ही सात जण, म्हणजे 140 डॉलर. प्रत्येकाने आपापले डॉलर वेगळे घेतले. एकाच्याच नावाने एकदम घेतले असते तर सहा जणांचा कर वाचला असता, हे आम्हाला नंतर सुचलं.

नागपूरहून

नेपाळमध्ये 2024 च्या मार्चपासून यूपीआयही चालतं, तिथल्या 'फोनपे'च्या क्यूआरवर. नाव सारखं वाटलं तरी ती नेपाळची कंपनी, आपल्या मोबाइलमधलं फोनपे वेगळं. पोखऱ्यात मी हॉटेलचं बिल असंच दिलं, रुपयांत किती जाणार ते आधीच पडद्यावर दिसलं. मुक्तिनाथच्या वाटेवर जोमसोमच्या पुढे मात्र रेंज गेली आणि घोडेवाल्याला रोखच द्यावे लागले.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलंच. परतताना माझ्याकडे 3,000 नेपाळी उरले होते. सीमेच्या अलीकडे, नेपाळमधल्या भैरहवाच्या बाजूला दोन खिडक्यांवर "आयसी नाही" म्हणाले. शेवटी एका किराणा दुकानदाराला त्या दिवशी एनसी हवे होते, त्याने पूर्ण हिशेबाने 1,875 दिले. दीड तास उन्हात गेला आणि आई तेवढा वेळ जीपमध्ये बसून होती. पुढच्या वेळी शेवटच्या मुक्कामीच संपवीन.