बालगीत आईबाबांच्याही कानाला गोड लागायला हवं का?

तिहाई
हवंच. जे गाणं मोठ्यांना तीनदा ऐकवत नाही, ते मुलाला तीसदा ऐकवू नये. तीन-चार वर्षांचं मूल एकच गाणं आठवडाभर मागतं. घरातली मोठी माणसं वैतागली की मोबाइल त्याच्या हातात देतात आणि बाजूला होतात. तिथे गाण्याचं निम्मं काम बुडालं, कारण या वयात शब्द पक्के होतात ते समोर बसून सोबत गाणाऱ्यामुळे.

निवडताना चित्र बघू नका. फोन पालथा ठेवा आणि पहिली दोन कडवी नुसती ऐका. ॲनिमेशनच्या बऱ्याच गाण्यांत मशीनचा एकच ठेका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालू राहतो. ना कुठे श्वास, ना दोन कडव्यांमध्ये वेगळा तुकडा. कान शिणतो तो यानेच. याउलट 1953 च्या 'देवबाप्पा'मधलं 'नाच रे मोरा' बघा: गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशाबाईंचा आवाज. मुलांचं गाणं म्हणून तिघांपैकी कुणीही हात आखडता घेतलेला नाही. 'सांग सांग भोलानाथ'ला पाडगावकर आणि मीना खडीकर लाभले. पालकांनी याच कसोटीने निवडावं.

काळी_एक
मला हे अजिबात पटत नाही. तुम्ही मोठ्यांच्या कानाचा विचार केलात, मुलाच्या गळ्याचा केलाच नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाचा आवाज आरामात फिरतो तो पाच-सहा सुरांत, पेटीवर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या सुरापासून सहाव्या पांढऱ्या सुरापर्यंत. मोठ्यांना आवडणाऱ्या चाली बहुतेक वेळा याच्या बाहेर जातात. अंतरा चढला की मूल ओरडतं आणि खाली आलं की नुसतं बोलतं. मग आपण म्हणतो, मूल बेसूर आहे. मूल बेसूर नसतं, पट्टी (ज्या सुराला सा मानून गातो तो सूर) चुकलेली असते.

बाबांची वेगळीच चूक. ते आपल्या खालच्या सप्तकात गातात आणि मूल तोच जाड आवाज काढायला जातं, घसा दाबून. म्हणून आधी मुलाला काय गाता येईल ते बघा. तुम्हाला आवडलं तर उत्तम, नाही आवडलं तरी चालेल.

तिहाई
गळ्याचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी गाणं कशाला सोडायचं? पट्टी बदला. तुमच्या नावातच उत्तर आहे. बऱ्याच पुरुषांची पट्टी काळी एकच्या, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुराच्या, आसपास असते. त्याच पट्टीत मूल एक सप्तक वर गायलं की सा ते ध त्याच्या गळ्यात नीट बसतात. आई काळी चारमध्ये गात असेल तर तिने आपल्या मध्यमालाच (म या सुराला) सा मानावं, कारण काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एकचा षड्ज, म्हणजेच सा. तिघांची पट्टी एक झाली. मोबाइलवरचा तंबोरा काळी एकला लावा आणि मूळ रेकॉर्ड बंद करून गा. अंतरा तरीही वर जात असेल तर धृपद (फिरून फिरून येणारी ओळ) मुलाचं आणि अंतरा मोठ्यांचा, अशी वाटणी करा. मूल ऐकत राहतं आणि धृपद आलं की बरोबर उडी घेतं.

पाटीपेन्सिल
बालवाडीच्या बाजूने बोलते. पालकांना आवडणारं म्हणजे पालकांच्या लहानपणचं, असंच शेवटी होतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची दहा गाणी फिरून फिरून वाजतात आणि नवं काही घरात येतच नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं 'अग्गोबाई ढग्गोबाई' आलं तेव्हा आजच्या घरातली मराठी गाण्यात आली. पण त्यानंतरचं काय ऐकलं, असं विचारलं तर किती पालक सांगू शकतील?

शिवाय मोठ्यांना आवडते ती शब्दांची कोटी. तीन वर्षांच्या मुलाला हवी असते पुनरुक्ती, हातवारे, आणि मधेच आपला शब्द घालायची जागा: प्राण्याचं नाव बदला, भाजीचं नाव बदला, ओळ तीच. ते ऐकताना मोठ्यांना कंटाळा येणारच. त्या कंटाळ्याला कसोटी करू नका.

हादग्याचं_फूल
पाटीपेन्सिल ताई, पुनरुक्ती असूनही मोठ्यांना कंटाळा न येणारी गाणी आपल्याकडे आहेतच की! भोंडल्याची. चार-पाच सुरांत बसतात, पेटी लागत नाही, पाटावर हत्ती काढून फेर धरला की झालं. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. बी पेरण्यापासून भाजी होईपर्यंत प्रत्येक कडव्यात एक पायरी पुढे सरकते, बाकी ओळ तीच. मुलाला क्रम पाठ होतो आणि माहेरी जायची परवानगी लांबत चालल्याचं मोठ्या बाईला कळतं. एकाच गाण्यात दोघींचं वेगळं गाणं आहे. ही मुळात मोठ्या बायकामुलींनी स्वतःसाठी म्हटलेली गाणी. मुलांनी ती फेरात ऐकून उचलली.

काळी_एक
सुरांच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. पण सासूचा जाच मुलांच्या तोंडी देताना मला अडखळायला होतं.

हादग्याचं_फूल
सगळी तशी नाहीत. 'ऐलमा पैलमा'पासून सुरुवात करा. आणि जाचाच्या गाण्यावर सहा-सात वर्षांची मुलगी "तिला जाऊ का देत नाहीत?" असं विचारतेच. तो प्रश्न मला मोलाचा वाटतो, म्हणून मी ही गाणी वगळणार नाही.

सातासमुद्रापार
परदेशातल्या मराठी शाळांची अडचण वेगळी आहे. तिथे इंग्रजी बालगीतांच्या चालीवर मराठी शब्द बसवलेली गाणी फार चालतात. चाल पालकांच्या आणि मुलांच्या ओळखीची, दोघेही खूश. पण मराठी गाणं ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रांवर चालतं. इंग्रजी चालीचा ठोसा पहिल्या अक्षरावर पडतो आणि 'पिलू'चं 'पीलु' होतं. च आणि ज यांचेही तसेच हाल. 'चांदोबा'तला च 'चिमणी'सारखा म्हटला जातो, आणि ज्या मुलाला मराठी घराबाहेर ऐकूच येत नाही त्याला तो दुरुस्त करून देणारं कुणी नसतं. म्हणजे पालकांना आवडलं ही कसोटी इथे चक्क फसते.

गाणं घेण्याआधी त्याचे शब्द चाल न लावता मोठ्याने म्हणून बघा. बोलताना जो स्वर आखूड आहे तो गाताना ताणला जात असेल तर ते गाणं सोडा. आणि यादी लहान ठेवा. सहा आठवड्यांना तीन गाणी पुष्कळ झाली: एक उड्या मारण्याचं, एक बसून हातवाऱ्यांचं, एक झोपतानाचं. झोपतानाच्या गाण्याला वाद्य नकोच.

तिहाई
हे मान्य. माझ्या कसोटीत भर घालतो: कानाला गोड, आणि बोलीला खरं. पण काळी_एक यांचं 'नाही आवडलं तरी चालेल' मी अजूनही मानणार नाही. न आवडणारं गाणं मोठी माणसं चार दिवस गातात, पाचव्या दिवशी स्पीकर लावतात.

काळी_एक
मग त्यांनी निदान स्पीकरच लावावा, मुलाच्या कानात हेडफोन नको. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा 75 डेसिबल आणि आठवड्याला 40 तास आहे. मोठ्यांची 80 आहे. आणि स्पीकर लावलाच तर दुसऱ्या वेळी गाणं मधेच थांबवा. पुढची ओळ मुलाने स्वतः म्हटली तर ते गाणं त्याच्या गळ्यात उतरलं. गप्प राहून पडद्याकडे बघत बसलं तर गाणं बदला, मग ते तुम्हाला कितीही आवडत असो.