चर्चा: वासाला आपल्याकडे शब्द आहेत कुठे?

अंत्रुजकर (फोंडा)
मलेशियाच्या जंगलात जहाय नावाचे शिकार करणारे, कंदमुळं गोळा करणारे लोक राहतात. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्त या अभ्यासकांनी त्यांची आणि इंग्रजी बोलणाऱ्यांची एकच परीक्षा घेतली, 2014 साली ती छापून आली. हुंगायचं आणि कसला वास ते सांगायचं. जहाय रंग सांगावा तितक्या सहज वास सांगत गेले, इंग्रजीवाले दालचिनीपाशीच लटपटले. जहायांकडे फक्त वासासाठी डझनभर क्रियापदं आहेत. त्यातलं एक पेट्रोलला चालतं, धुराला चालतं, वटवाघळांच्या विष्ठेला आणि रानआंब्याच्या लाकडालाही. ‘अमक्यासारखा वास’ नव्हे, वासाचाच गुण.

आता आपलं. एप्रिलात गोव्यातल्या वाळपईच्या वाटेला लागा, काजूच्या बोंडांचा वास गाडीत शिरतो. त्याला काय म्हणाल? एक म्हणतो ‘बरो परमळ’, दुसरा म्हणतो ‘घाण मारता’. मधे काही नाही. तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या जुन्या संस्कृत पोथीत अन्नंभट्टाने रूपाचे सात प्रकार मोजले, रसाचे सहा, आणि गंधाचे दोनच: सुरभी, असुरभी. आपण अजून तिथेच उभे आहोत. मराठी काय, कोकणी काय, वासाच्या बाबतीत दोघी दरिद्री. पटत नसेल तर बोला.

सत्तरीची सून
नाही पटत. तुमचं स्वयंपाकघराशी फारसं देणंघेणं दिसत नाही. खोबरं खवट, पीठ कुबट, भात करपट, भांडं ओशट, मासळीचं पाणी वशट, भाजलेलं बेसन खमंग. ‘कुबट’ घ्या. पावसाळ्यात बंद राहिलेली खोली कुबट, गोधडी कुबट, तांदूळ कुबट. तीन वेगळ्या वस्तू, गुण एक. जहायांचं क्रियापद याहून निराळं काय करतं? दारिद्र्य भाषेचं नाही, वापरणाऱ्याचं. आमच्या घरी अजून डब्याचं झाकण उघडून नाकानेच निकाल लागतो, पाकिटावरची तारीख कुणी बघत नाही.

भाटकार
सूनबाईंची यादी खणखणीत. पण जरा तपासून बघा, खमंग सोडला तर सगळे शब्द बिघाडाचे. काही नासलं, करपलं, आंबलं की आपली जीभ सुटते. चांगल्या वासाला? दरवळ, घमघमाट, सुवास. हे शब्द वास किती आहे ते सांगतात, कसा आहे ते नाही. सुरंगीचा वळेसर (गजरा) आणि ओवळांचा, म्हणजे बकुळीचा, वळेसर डोळे मिटून कोणीही वेगळे ओळखेल. फरक शब्दांत सांगून दाखवा.

सत्तरीची सून
बिघाडाचे शब्द जास्त, कारण तिथे चूक झाली तर पोट बिघडतं. सुरंगी ओळखायला चुकलं तर कुणाचं काय जातं?

गावडोंगरीकर
म्हणजे शब्द गरजेतून येतात, कामातून येतात. याला आधार आहे. मजीदबाईंनी निकोल क्रुस्पे यांच्यासोबत 2018 मध्ये त्याच मलेशियातले दोन समाज तपासले, सेमाक बेरी आणि सेमेलाई. जंगल तेच, भाषाही नात्यातल्या. सेमाक बेरी शिकारी, त्यांना वास रंगांइतकेच सहज सांगता आले. सेमेलाई शेती करणारे, त्यांना नाही. फरक नाकात नाही, भाषेच्या घराण्यातही नाही. जगण्यात आहे. आपण भात लावणारे लोक, सेमेलाईंच्या रांगेतले.

भट्टीवाल्याचा नातू
कामातून शब्द येतात हे ऐकायला बरं वाटतं. आमच्या घरी काजूची भट्टी होती, मी कोळंबीत, म्हणजे बोंडं तुडवायच्या दगडी जागेत, बोंडं मळलेली आहेत. नाकाचं काम याहून जास्त कुठे असेल? निरो, म्हणजे बोंडांचा रस, किती आंबला, भाण, म्हणजे भट्टीवरचं मडकं, खाली लागलं का, सगळं वासावर कळतं. पण शब्द? उर्राकाचा (पहिल्या धारेच्या दारूचा) आणि फेणीचा कडकपणा सांगायला ‘ग्राव’ आहे, तोही पोर्तुगीज. वासाला फक्त ‘बरो’ आणि ‘ना, लागला’. आजोबा नाक जवळ नेत, मान हलवत, संपलं. कसब पूर्ण होतं, शब्दाविना.
2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पर्यटकांना चव समजावणारे लोक ‘फळांची छटा’ वगैरे बोलतात. ती भाषा वाइनवाल्यांची. भट्टीवर तसं कोणी बोलताना मी ऐकलं नाही.

रसायनवाला
मंडळी, संस्कृतीला फार भाव देताय. 2022 च्या एका अभ्यासात नऊ वेगवेगळ्या समाजांतल्या 225 लोकांना दहा वास आवडीप्रमाणे लावायला सांगितले आणि न्यूयॉर्कच्या जुन्या माहितीशी ताडून पाहिलं. व्हॅनिला सगळीकडे वर, घामट पायांच्या वासाचं आयसोव्हॅलेरिक आम्ल तळाला. आवडीतल्या फरकात संस्कृतीचा वाटा सुमारे 6 टक्के. 54 टक्के ज्याच्या त्याच्या आवडीचा, 41 टक्के रेणूचा. बोंडांच्या वासावर दोघांचं भांडण होतं ते ते दोघे वेगळे म्हणून, गोंयकार असल्या-नसल्यामुळे नव्हे.

पणजीची भाडेकरू
नळीतला शुद्ध रेणू हुंगायला देणं वेगळं आणि जिन्यात शेजाऱ्याच्या सुक्या सुंगटांचा (सोड्यांचा) वास येणं वेगळं. जिन्यातला वास कोणाच्या दारातून आला ते आधी बघितलं जातं, नाक मग मुरडतं. गोव्यात, मासळीच्या राज्यात, मला घर बघताना ऐकवलं गेलं, ‘वासाचं काही करणार नाही ना?’ मासळी हा शब्द तोंडातून काढला नाही. मला तरी शब्दांची कमतरता जाणवली नाही त्या बाईंकडे, सोयीचा होता तो एकच पुरला. अंत्रुजकरबाब, ‘सुरभी-असुरभी’ ही तर्कशास्त्राची वर्गवारी म्हणून सोडून देऊ नका. रोज माणसं त्यात टाकली जातात.

अंत्रुजकर (फोंडा)
भाडेकरूबाय, पटलं, आणि माझ्याच बाजूचं आहे. दोनच कप्पे असले की तिसरं काही ऐकूच येत नाही.

मास्तर, डिचोली
दोनच कप्पे कोणी सांगितले? महाभारताच्या शांतिपर्वात गंध नऊ प्रकारचा दिला आहे: इष्ट, अनिष्ट, मधुर, कटु, निर्हारी, संहत, स्निग्ध, रूक्ष, विशद. निर्हारी म्हणजे लांबवर जाणारा. तुमचा वाळपईचा बोंडांचा वास निर्हारीच की. तर्कसंग्रह शाळकरी पोथी, तिच्यावरून परंपरा मोजू नये.

भट्टीवाल्याचा नातू
मास्तर, भट्टीवर जाऊन ‘निर्हारी’ म्हणून बघा, आणि कोण वळून बघतो ते कळवा.

भाटकार
आणि एक राहिलंच. आमच्या बायका देवळात जाताना हौसेने माळतात ती आबोली, तिला वासच नाही. एकीकडे म्हार्दोळच्या देवळात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा, दुसरीकडे हा रंगाचा सोस. गावडोंगरीकरांच्या सेमेलाई रांगेत आपण नक्की कुठे बसतो, हे आधी ठरवा.