कादंबरीचं भाषासंपादन कोणाकडून करून घ्यावं? (संवाद बोलीत आहेत)

वळचण:
नमस्कार. पहिली कादंबरी लिहून पूर्ण झाली आहे, ८२,००० शब्द. हा तिसरा खर्डा. पाच जणांनी वाचला, त्यातल्या दोघींना शेवट पटला नाही, तो मी बदलला. आता कथेत हात घालायचा नाही. प्रकाशकांकडे पाठवण्याआधी फक्त भाषा नीट तपासून घ्यायची आहे.

अडचण संवादांची आहे. निवेदन प्रमाण मराठीत आहे. आजी आणि तिचा भाऊ बोलीत बोलतात. नात एरवी प्रमाण बोलते, पण रागावली की आजीसारखी बोलायला लागते. हे मुद्दाम केलेलं आहे आणि ते जपायचं आहे.

दोन जण समोर आहेत. एक भाषासंपादक, कथा-कादंबऱ्यांचंच काम करतात, मागतात ती रक्कम माझ्या सव्वा पगाराएवढी. दुसरे मुद्रितशोधक, सगळी हयात पाठ्यपुस्तकं तपासण्यात गेली, कादंबरी एकही नाही, अर्ध्या पगारात करतो म्हणतात. मी बाजूला काढलेत ते अर्ध्या पगाराएवढेच, त्यावर जाता येणार नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

निळी_शाई:
अजिबात विचार करू नका, पहिले घ्या. माझ्या कादंबरीवर मी तीन पगार घातले आणि एका पैशाचं वाईट वाटलं नाही. बाईंनी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात फक्त प्रश्न विचारले, दुसऱ्यात दुरुस्त्या केल्या. सोबत अकरा पानांचं शैलीपत्रक दिलं: प्रत्येक पात्राचं नाव, वय, नातं, कोण कोणाला अरेतुरे करतं, कोण अहोजाहो, कोणता शब्द कसा लिहायचा. प्रकाशकांच्या संपादकांनी ते पत्रक बघूनच माझ्याशी वेगळ्या आदराने बोलायला सुरुवात केली. असं काम स्वस्तात होत नाही.

काना_मात्रा:
आधी शब्द नीट वापरू या. भाषासंपादन वेगळं, मुद्रितशोधन वेगळं. पहिलं हस्तलिखितावर होतं: वाक्यरचना, शुद्धलेखन, तपशिलातली विसंगती, एकसारखेपणा. दुसरं पानं लागल्यावर होतं: गळलेला काना, ओळीच्या शेवटी चुकीचा तुटलेला शब्द, दोनदा आलेली ओळ, चुकलेला पृष्ठक्रमांक. मुद्रितशोधकाकडून हस्तलिखित तपासून घेऊन "संपादन झालं" म्हणणारे लेखक मी खूप पाहिले आहेत.

आणि बोलीची भीती बाळगू नका. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम (१९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, मिळून १८) संवादांच्या आड येत नाहीत. पात्राच्या तोंडी "असं केलं, मी म्हटलं" हे उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांत मुभाच आहे. ज्याला हे माहीत नाही, त्याच्या हाती हस्तलिखित देऊ नका.

रातवा:
माझ्यावर जे गुदरलं ते सांगते, म्हणजे दुसऱ्या पर्यायाचा विचार तुम्ही सोडून द्याल. माझ्या कथासंग्रहात एक म्हातारा सतत "नाय" म्हणतो. तपासणाऱ्या गृहस्थांना ते अशुद्ध वाटलं. त्यांनी संगणकावर एका फटक्यात सगळ्या "नाय"चे "नाही" करून टाकले. म्हाताऱ्याचं बोलणं तर गेलंच, पण नायकाचा "नाहीक" झाला आणि विनायक नावाच्या पात्राचा "विनाहीक". ६३ ठिकाणी. मला न विचारता, बदलांची नोंद न ठेवता. मी ते छपाईच्या चार दिवस आधी पाहिलं आणि रात्रभर बसून एकेक परत केलं. त्या रात्रीचा राग अजून गेलेला नाही.

जुळारी:
फाइल कशात टंकली आहे? युनिकोड की जुना फॉन्ट? हे कोणी विचारलंच नाही. मी सगळी हयात छापखान्यात काढली, तेव्हा सांगतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार सरकतो, "अर्धा"चा "अधर्ा" होतो. तो निदान डोळ्यांना दिसतो. दिसत नाही तो ऱ्या आणि र्या यांचा घोळ. दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन, दर्या म्हणजे समुद्र. एका कादंबरीत लग्नघरच्या "आचाऱ्यांनी चूल पेटवली" हे वाक्य "आचार्यांनी चूल पेटवली" असं छापून आलेलं मी पाहिलंय. लेखकाने वाचलं, संपादकाने वाचलं, दोघांनाही अर्थ लागत होता म्हणून कोणी थांबलं नाही. अक्षरतपासणीचा प्रोग्रॅमही थांबणार नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. दिन आणि दीन, शिर आणि शीर यांचंही तेच.

वळचण:
सगळं युनिकोडमध्येच आहे. पण र्या शोधून बघितलं आणि "कोपर्यात" तीनदा सापडलं. मनापासून आभार.

समास:
भाषासंपादकाचं खरं काम शुद्धलेखनाच्या पलीकडचं असतं. माझ्या कादंबरीत अमावास्येला नायक घर सोडतो आणि दोन पानांनी चांदण्यात वाट शोधतो. संपादकांनी समासात एवढंच लिहिलं: "अमावास्येला चांदणं?" त्या एका प्रश्नाने त्यांचे सगळे पैसे वसूल झाले.

रातवा:
चांदणं म्हणजे चांदण्यांचाही उजेड. गावाबाहेर अमावास्येलाच ताऱ्यांचं चांदणं खरं दिसतं. तुमच्या संपादकांनी चुकीची शंका काढली आणि तुम्ही चांगलं वाक्य घालवलंत.

समास:
चांदणं म्हणजे चंद्राचा प्रकाश. ताऱ्यांच्या उजेडात पायवाट सापडत नाही.

जुळारी:
सापडते. मी चाललोय.

काना_मात्रा:
दोन्ही अर्थांनी शब्द वापरतात. म्हणूनच संपादकाने दुरुस्ती न करता प्रश्न विचारला, हे बरोबर केलं. उत्तर लेखकाने द्यायचं.

पानगळ:
माझ्या मते तुम्हाला आधी रचनात्मक संपादन हवं. प्रकरणांचा क्रम, पात्रांचा प्रवास, संथ झालेल्या जागा. भाषा शेवटी. पाच ओळखीच्या माणसांनी वाचणं म्हणजे संपादन नव्हे. मी तसंच समजत होतो. नंतर माझी पहिली सत्तर पानं काढून टाकावी लागली, आणि त्या सत्तर पानांच्या भाषेवर मी आधीच पैसे खर्च केले होते.

निळी_शाई:
पानगळ यांच्याशी सहमत. रचनात्मक संपादन आणि मग पहिले संपादक. थोडं थांबा, पैसे साठवा, पण करा.

मधलंपान:
मी कादंबऱ्यांचं भाषासंपादनच करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. इथे कामं मागायला आलेले नाही, सध्या हातातलीच पुरेशी आहेत.

दोघांनाही नमुना द्या. पहिलं प्रकरण देऊ नका, ते तुम्ही पन्नास वेळा घासलेलं असतं. मधलं एखादं प्रकरण द्या, जिथे आजी, भाऊ आणि रागावलेली नात एकत्र आहेत, आणि जे लिहिताना तुम्ही थकलेल्या होतात. दोघांना तेच. परत आलं की त्यांनी काय दुरुस्त केलं हे तर बघाच, पण काय तसंच राहू दिलं हे आधी बघा. आजी एकदा "न्हाई" म्हणते आणि एकदा "नाही", तर चांगला संपादक त्याला हात लावण्याआधी विचारतो की डॉक्टरांसमोर ती मुद्दाम "नाही" म्हणते का. कथेत विसंगती कधीकधी पात्राची असते आणि कधी लेखकाच्या विसरण्यातून येते. या दोन्हींतला फरक ओळखणं हेच आमचं काम.

दर शब्दांवर ठरवा, पानांवर नको. इंग्रजी हस्तलिखितात २५० शब्दांचं एक पान धरायची पद्धत आहे, त्या हिशोबाने तुमची ३२८ पानं होतात. पण अक्षर लहान-मोठं केलं की पानांची संख्या हवी तशी बदलते आणि मग भांडणं होतात. बदलांची नोंद ठेवूनच काम होईल, न विचारता एकही सरसकट बदल होणार नाही, आणि तुमच्या शंकांसाठी एक फेरी त्याच पैशांत, हे लिहून घ्या.

शैलीपत्रकाला मात्र संपादकाची वाट पाहायची गरज नाही. तुमची पात्रं तुम्हाला जास्त माहीत आहेत. स्वतः करा.

समास:
म्हणजे पहिलेच. मीही तेच म्हणत होतो.

काना_मात्रा:
शैलीपत्रक करताना अरुण फडके यांचा "मराठी लेखन-कोश" जवळ ठेवा. शंका आली की तिथे बघायचं आणि एकदा ठरलं की बदलायचं नाही. राहणे-पाहणे की रहाणे-पहाणे यावरच अर्ध्या हस्तलिखितांचा एकसारखेपणा बिघडतो. नियमाप्रमाणे राहणे, पाहणे.

वळचण:
दोन आठवड्यांनी येते आहे. मधलंपान, तुमचं ऐकून अठरावं प्रकरण दोघांनाही दिलं.

पहिल्या संपादकांचं काम खरोखर सुंदर होतं. सहा प्रश्न विचारले, सहाही नेमके. बोलीला हात लावला नाही. पण निवेदनातली माझी लांब वाक्यं त्यांनी सगळीकडे तोडली. वाचायला सोपं झालं, पण ते मी लिहिलेलं वाटेना.

दुसऱ्यांनी आजीची सगळी वाक्यं प्रमाण करून पाठवली. रातवा, मला तुमचा विनाहीकच आठवला. मी फोन केला. ते म्हणाले, "आजींचं बोलणं जरा मोठ्याने वाचून दाखवा." मी पाऊण पान वाचलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मी हे कानाने वाचलंच नव्हतं. परत पाठवा." दुसऱ्या खेपेला आजीच्या बोलण्याला बोट लावलं नाही. निवेदनातल्या एकतीस चुका काढल्या, लांब वाक्यं लांबच ठेवली. आणि सोबत एक ओळ: आजीचा भाऊ या प्रकरणात पाठीवरचा म्हटला आहे, पण त्याच्या तोंडच्या हिशोबाने तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा निघतो. पाच वाचकांच्या आणि माझ्या नजरेतून हे सुटलं होतं. पहिल्या संपादकांच्याही.

मी काम त्यांनाच देते आहे.

निळी_शाई:
वाईट वाटलं. अठराव्या प्रकरणात जमलं म्हणून छत्तीस प्रकरणांत जमेल असं नाही. दोन आठवड्यांनी ते पुन्हा पाठ्यपुस्तकाच्या सवयीवर येतील.

रातवा:
मी तर अजूनही नको म्हणेन. निदान मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा.

पानगळ:
आणि रचनात्मक संपादनाचं काय?

मधलंपान:
मीही पहिल्यांनाच निवडलं असतं. लांब वाक्यांबद्दल त्यांच्याशी एकदा बोलून बघायला हवं होतं, नमुन्यावर असा आक्षेप घेतला तर बहुतेक संपादक ऐकतात. पण ठरवलंच आहे तर बोलीतले संवाद एका रंगात रंगवून द्या आणि त्या रंगात फक्त शंका विचारायची, बदल करायचा नाही, असं ठरवून घ्या. एकदम सगळं देऊ नका. सहा-सहा प्रकरणं द्या, पहिली सहा परत आल्यावर पूर्ण वाचा, मगच पुढची. निळी_शाईंची भीती खोटी नाही. सवय परत आली तर पहिल्या सहांतच कळेल.

वळचण:
पहिल्या संपादकांशी बोलायला हवं होतं, हे पटलं. तरी सव्वा पगार माझ्याकडे नाहीच. रंगांची गोष्ट आजच सुरू केली. आजीला हिरवा, भावाला पिवळा. नातीचं रागातलं बोलणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते रंगवताना दोन ठिकाणी मलाच ठरवता आलं नाही, ती दोन्ही वाक्यं आता पुन्हा लिहिते आहे. शैलीपत्रकाची चार पानं झाली. भावाचं वय बदललं नाही, "पाठीवरचा" काढून "थोरला" केलं, आणि मग तो आजीला "अक्का" म्हणून हाक मारतो त्या सगळ्या जागा शोधाव्या लागल्या. बावीस निघाल्या. पहिली सहा प्रकरणं सोमवारी पाठवते.

जुळारी:
र्या पुन्हा एकदा शोधून मगच पाठवा.