पंपरूममागची टकटक

नाईक, सेक्रेटरी (ए-१०२): नमस्कार. कालपासून तिघांचे फोन आले, पंपरूमच्या मागे टकटक होते, मोटर गेली का म्हणून. मोटर ठीक आहे. मी छत्री घेऊन बघून आलो. एक मुलगी काठीला लावलेल्या जाळीने भिंतीवर चेंडू मारतेय. ज्यांची असेल त्यांनी ग्रुपवर सांगावे.

शिरोडकर (सी-३०२): मला तर आंबे काढायचा झेला वाटला. म्हटलं जुलैत कसले आंबे काढतेय ही!

प्रभुदेसाई काकी (बी-३०१): नाईकबाब, आमचीच नात ती. मेरीलँडहून आलीय सुट्टीला. लॅक्रॉस म्हणून खेळ आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथे क्लबच्या ट्रायल्स आहेत. लेकीने बजावलंय, रोज अर्धा तास भिंत झालीच पाहिजे, फोंड्यात असो नाहीतर चंद्रावर.

कामत (ए-२०१): दुपारी दीड ते चार सोडून काय ते करा. तेवढ्या वेळात आवाज नको.

प्रभुदेसाई काकी (बी-३०१): कामतबाब, तुमची झोप मोडू देणार नाही. सकाळी आठ ते साडेआठ आणि संध्याकाळी पाऊस थांबला तर.

शिरोडकर (सी-३०२): पण हा खेळ म्हणजे नक्की काय? हॉकी?

गौरी (बी-३०१): काका, मी तिची मावशी. हॉकीत बॉल जमिनीवरून जातो, यात हवेतून. काठीच्या टोकाच्या जाळीत बॉल झेलायचा, पळताना पडू नये म्हणून काठी डोलवत राहायची, आणि तिथूनच पास किंवा गोल मारायचा. मुळात तिकडच्या आदिवासींचा खेळ. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये होता, आता २०२८ ला लॉस एंजेलिसला परत येतोय, सहा-सहा जणांचा. क्रिकेटही त्याच वेळी परत येतंय, तेव्हा नावं ठेवू नका.

शिरोडकर (सी-३०२): ठेवत नाही गो बाई. मुलं चिलखत घालून एकमेकांवर आदळतात तेच ना? मुलीला लागलं तर?

गौरी (बी-३०१): ते मुलांचं. हेल्मेट, खांद्याचे पॅड, अंगावर जायची मुभा. मुलींच्या नियमात अंगाने धक्का मारता येत नाही. डोळ्यांना गॉगल आणि दातांना गार्ड, बस्स. गोलकीपर तेवढी पूर्ण झाकलेली.

वळवईकर सर (सी-१०३): गौरी, मी सकाळी दहा मिनिटं उभा राहून पाहिलं. चाळीस वर्षं पी.टी. शिकवली, तेव्हा न विचारता बोलतो. उजव्या हाताने पन्नास मारते, चुकत नाही. काठी डाव्या हाताला गेली की दहातले चार खाली. मग कंटाळते आणि परत उजवीकडे येते. ट्रायलला निवडणारे नेमकं तेवढंच बघतील. उजवा हात सगळ्यांचाच चालतो.

गौरी (बी-३०१): सर, अगदी हेच तिच्या कोचने लिहून दिलंय!

वळवईकर सर (सी-१०३): मग उद्यापासून सुरुवात डाव्याने. थकल्यावर डावा हात शिकत नाही. आणि दुसरं, पंपरूमची भिंत गिलाव्याची, बॉल सरळ परत येतो. तिला गेटजवळच्या चिऱ्याच्या कंपाउंडवर पाठवा. गिलावा नाही, बॉल कुठेही उडतो. तो धावत जाऊन, वाकून, दोन्ही हातांनी जमिनीवरून उचलायचा. सामन्यात अर्धा वेळ बॉल जमिनीवरच असणार. जी आधी वाकते तिच्याकडे निवडणाऱ्याचं लक्ष जातंच, मग तिचा शॉट कसाही असो.

नाईक, सेक्रेटरी (ए-१०२): कंपाउंडला शेवाळ आलंय. घसरून पडली तर सोसायटीवर येईल.

वळवईकर सर (सी-१०३): परवा माशेलच्या चिखलकाल्यात आजीबरोबर जाऊन लोळून आली ती. शेवाळाचं काय घेऊन बसलात.

गौरी (बी-३०१): एक अडचण आहे. काठी रात्री बाल्कनीत राहिली, बॉल जाळीतच. पावसाची झड आत आली आणि जाळी भिजून सैल पडलीय. बॉल आता खोल बसतो. चालेल ना?

वळवईकर सर (सी-१०३): नियम तुला ठाऊक. पण खोल खिसा म्हणजे बॉल सुटायला वेळ लागणार, पास खाली जाणार.

गौरी (बी-३०१): आत्ता ताईला विचारलं. तिथे पहाटेचे साडेचार, तरी उत्तर आलं! काठी आडवी धरून बॉल ठेवला की त्याचा वरचा भाग कडेच्या वर दिसलाच पाहिजे, मुलींच्या खेळात तसा नियम आहे. नाही दिसला तर पंच काठी बाद करतो. खालच्या दोऱ्या आवळायला सांगितल्यात. आणि ओरडा मला पडला.

शिरोडकर (सी-३०२): नवीन घ्या ना सरळ.

गौरी (बी-३०१): ट्रायलच्या तोंडावर नवी काठी नको म्हणतात. हात बसायला वेळ लागतो. बरं, खरा प्रश्न दुसराच आहे, गावकर भाऊजींना विचारायचा होता. दोन क्लब आहेत. एक मोठा, तिच्या वयाचेच तीन संघ, चकाचक. ती २०३१ ची बॅच, म्हणजे बारावी ज्या वर्षी होईल त्यावरून गट पडतात. दुसरा लहान, एकच संघ, घरापासून पंधरा मिनिटं. ट्रायल लागोपाठच्या दोन दिवशी. मोठ्या क्लबची अट अशी की निवड झाली तर ४८ तासांत हो म्हणून पैसे भरायचे.

गावकर (सी-२०४): वहिनी, तुमचा खेळ मला कळत नाही, पण हे कळतं. आमच्या मुलाला १३ वर्षांखालच्या फुटबॉल संघात एका मोठ्या क्लबने घेतला. नाव घेत नाही. जर्सी, बॅग, फोटो, आम्ही पेढे वाटले. सगळा सीझन बाकावर. शनिवारी सकाळी सहाला उठवून न्यायचा आणि तो शेवटची सात मिनिटं खेळायचा. परत येताना गाडीत एक शब्द नाही. एकदा मी विचारलं, आज पाय लागला का बॉलला? म्हणाला, थ्रो-इन घेतला. दुसऱ्या वर्षी गावच्या क्लबात टाकला. मैदान सोडा, गोलपोस्टला धड जाळी नव्हती. पण पूर्ण मॅच खेळायचा. डाव्या पायाने मारायला तिथे शिकला.
तेव्हा क्लबला विचारा, एका संघात किती मुली घेता? मैदानात किती उतरतात तुमच्यात?

गौरी (बी-३०१): १२, गोलकीपर धरून.

गावकर (सी-२०४): मग २४ घेतल्या तर अर्ध्या बाकावर. तीन संघ आहेत तर तिसऱ्या संघाला कोच कोण? पहिल्या संघाचाच की कॉलेजातला कोणी पोरगा? माहितीपत्रकावर फोटो नेहमी पहिल्या संघाच्या कोचचा असतो.

गौरी (बी-३०१): हे विचारलंच नव्हतं! ते तर सांगतात, आमच्याकडून मुली मोठ्या कॉलेजांत जातात.

वळवईकर सर (सी-१०३): ती आता सातवीत ना?

गौरी (बी-३०१): हो. ताई म्हणते, तिथल्या नियमाने मोठ्या कॉलेजांचे कोच अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत मुलीशी कॉलेजच्या संघातल्या भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत.

वळवईकर सर (सी-१०३): मग चार वर्षांनंतरच्या गोष्टीची फी आज कशाला? तिच्या आईला सांग, ट्रायल संपल्यावर मैदानाच्या कडेला थांब. चुकलेल्या मुलीशी कोच कसा बोलतो ते बघ. तो दिवस त्यांचीही परीक्षा असते.

कामत (ए-२०१): आणि मुलीला कुठे जायचंय?

गौरी (बी-३०१): तिची मैत्रीण लहान क्लबात आहे.

कामत (ए-२०१): मग एवढी चर्चा कशाला?

प्रभुदेसाई काकी (बी-३०१): कामतबाब, जावयाला मोठा क्लब हवाय. चर्चा त्यासाठी.

गावकर (सी-२०४): जावईबापूंना माझा नंबर द्या.

वळवईकर सर (सी-१०३): परतीचं तिकीट कधीचं?

गौरी (बी-३०१): ३० जुलै. पहिली ट्रायल २ ऑगस्टला.

वळवईकर सर (सी-१०३): साडेनऊ तासांचा फरक. पोर झोपेत पळेल. दोन-तीन दिवस आधी पाठवता आली तर बघा.

प्रभुदेसाई काकी (बी-३०१): आजी म्हणून मला ते मान्य नाही, पण बघते.

नाईक, सेक्रेटरी (ए-१०२): ठरले. सकाळी ८ ते ८.३० पंपरूम, संध्याकाळी ५ ते ६ कंपाउंड, शेवाळ मी उद्या घासून घेतो. गाड्या त्या बाजूला लावू नयेत. बॉल कडक आहे, काच फुटली तर सोसायटी जबाबदार नाही.

कामत (ए-२०१): माझ्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीत एक पिवळा चेंडू आलाय. एक फांदी मोडली. डाव्या हाताने मारलेला दिसतो. तिला चारनंतर पाठवा, चहा पिऊन घेऊन जाईल.