१३ मीटरची मेलेली देवमाशीण पुळणीवर: पुरायची, ओढायची की तोडायची?

ओलीवाळू
हंपबॅक, मादी, लांबी १३ मीटर. भरतीरेषेच्या जरा खाली, कुशीवर पडली आहे. मरून तीन-चार दिवस झाले असावेत: पोट टम्म फुगलंय, कातडीचे पापुद्रे सुटताहेत. किनारा सपाट, रेतीचा. पोकलेन उतरेल एवढी वाट आहे. नमुने घ्यायची आणि विल्हेवाटीची परवानगी हातात आहे. वजन किती धरायचं, दोर बांधायचा तर कुठे, आणि पोट आधी फोडायचं का?

बकेट_पोकलेन
वजन २५ ते ३० टन धरा. दुसऱ्या कुठल्या देवमाशाच्या लांबीवरून त्रैराशिक मांडू नका. लांबी दुप्पट झाली की वजन आठपटीच्या घरात जातं.

मशीन मागवायच्या आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती वर आली असेल, तर पुढचे काही दिवस पाणी रोज थोडं अलीकडेच थांबेल आणि सवड मिळेल. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत आली असेल तर उलटं. येणारं उधाण तिला उचलून दुसऱ्याच किनाऱ्यावर टाकेल, नाहीतर तुमच्या अर्ध्या खणलेल्या खड्ड्यात पाणी भरेल. ही कामं फसतात ती बहुतेक इथेच, मशीन कमी पडल्यामुळे नाही.

पुरायचं असेल तर खड्डा उधाणाच्या रेषेच्याही वर घ्या. तळ १६ बाय ६ मीटर, खोली ५ मीटर. पोट मोकळं केल्यावर ती साधारण दोन मीटर उंच उरते आणि अंगावर ३ मीटर वाळू हवी. वाळूची कड उभी राहत नाही, म्हणून दर मीटर खोलीला दीड मीटर उतार सोडा. म्हणजे खड्ड्याचं तोंड ३१ बाय २१ मीटर होतं आणि सगळं मिळून १,७०० घनमीटरच्या आसपास वाळू निघते. २० टनी पोकलेन, घनमीटरची बकेट, वाळू दोनदा हलवावी लागते हे धरून ताशी १०० घनमीटर: एका मशीनला १७ तास. दोन लावा. चाकाची जेसीबी भरवशाला घेऊ नका, कोरड्या रेतीत ती रुतते आणि मग पोकलेनचा वेळ तिला काढण्यात जातो.

लोटताना बकेटचे दात तिच्या अंगाला लावू नका. ते चरबीत घुसतात, मांस फाटतं आणि ती जागची हलत नाही. बकेटची पाठ टेकवा. त्याआधी तिच्या आणि खड्ड्याच्या मधली वाळू उतरती काढून घ्या, निम्मं काम उतारच करतो.

हाडवैद्य
पुरायच्या आधी पोट फोडायचंच. न फोडता पुरलं तर आत वायू वाढत राहतो, वरची वाळू फुगते, भेगा पडतात. पाणी जवळ असेल तर अख्खं धूड वर येतं. चरबीच्या थरामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून बाहेरून जेमतेम बिघडलेला दिसणारा प्राणीही आतून पार शिजलेला असतो.

पण फोडण्याची एक रीत आहे. दोन-तीन मीटर लांब दांड्याचं पातं घ्या. उभं राहायचं ते पाठीच्या बाजूला, वारा आपल्या पाठीमागून येईल असं. पोटासमोर कुणीही नको. पहिला छेद तळहाताएवढा. फुसकारा येतो, मग फेस आणि तपकिरी पाणी. तो आवाज थांबेपर्यंत दुसरा छेद नाही. घाईने लांब चीर मारली की आतडी दाबाने बाहेर फेकली जातात. २०१३ साली फेरो बेटांवर स्पर्म व्हेलचं पोट उघडताना नेमकं हेच झालं. २००४ मध्ये तैवानच्या ताइनान शहरात १७ मीटरचा स्पर्म व्हेल न फोडताच ट्रकवर चढवून नेत होते, तो भर रस्त्यात फुटला.

त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर बरं. दहा लाखात शंभर भागांच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्ड्याच्या तळाशी साचतो. ती आत पडल्यावर दोर सोडवायला माणूस उतरवू नका, दोर गेला तर गेला.

नमुन्यांबद्दल थोडक्यात. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा, पाठीच्या वळणावरून नाही. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो हवाच. काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून ती कोण हे ओळखता येतं. कातडीचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये, चरबीचा पूर्ण जाडीचा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. चरबी सोलताना खालच्या मांसात काळंनिळं रक्त साकळलेलं दिसलं, तर जहाजाची धडक बसली असण्याची शक्यता. तिथले फोटो मोजपट्टी ठेवून काढा. जाड हातमोजे, मास्क, चष्मा सगळ्यांना. हाताला चीर असेल त्याने पातं धरूच नये, कारण या मांसातले जीवाणू माणसालाही बाधतात.

आणखी एक विचारून घ्या: ती जिवंत असताना लागली होती का, आणि बार्बिट्युरेटचं इंजेक्शन देऊन तिला मारलं का? तसं असेल तर मांसात विष आहे. कुत्री, पक्षी जवळ येता कामा नयेत. उघड्यावर सोडणं किंवा समुद्रात ढकलणं बाद.

गलबत७
पुरणं सोयीचं नसेल तर ओढण्याचा विचार करा, पण चार दिवस झालेत म्हणजे उशीर होत आलाय. दोर शेपटीच्या बुंध्याला, शेपटीच्या पंखांच्या अलीकडे, आणि तोही रुंद चपटा पट्टा, दोन वेढे. वायर रोप लावाल तर ती कुजलेल्या मांसातून सुरीसारखी जाते आणि हातात फक्त शेपूट येते. ओढ भरतीच्या माथ्यावर, हळूहळू ताण देत; झटका नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. पाण्यात दोन-तीन नॉटच्या वर जाऊ नका, आणि बोटीवर दोर तोडायला कुऱ्हाड हाताशी.

खरी अडचण पुढे आहे. नेऊन सोडलेली देवमाशीण वारा आणि प्रवाह धरून परत येते, कधी दोन दिवसांत, तीही आणखी कुजून. बंदराला न कळवता सोडली तर जहाजांच्या वाटेत तरंगतं धूड. बुडवायची तर पोट फोडून, काही टन साखळी किंवा लोखंड बांधून, आणि जागा खोल हवी. उथळ तळावर वायू पुन्हा धरतो आणि ती वर येते. शेकडो मीटर खाली पाण्याचा दाब वायूला फुगू देत नाही. तिथे पोचली तर मात्र वाया काहीच जात नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ सुमारे १,२४० मीटर खोलीवर अशा सांगाड्याभोवती जिवांची अख्खी वस्ती सापडली होती.

ओलीवाळू
इंजेक्शन दिलेलं नाही, मेलेलीच आली. उधाणालाच आली, म्हणजे सवड आहे. पण चाचणीच्या खड्ड्यात ३ मीटरवर पाणी लागलं. चुना टाकून उथळ पुरली तर? शिवाय काहीजण सुरुंग लावा म्हणताहेत.

बकेट_पोकलेन
चुन्याने कुजणं लवकर होत नाही, उलट मंदावतं. वास थोडा दबतो, एवढंच. अंगावर मीटरभर वाळू असेल तर कुत्री उकरतात आणि पहिल्या मोठ्या लाटांना पाठ उघडी पडते. जागा दोन मीटर उंचावर मिळाली तर तेवढीच खोली पाण्याच्या वर मिळते. आधी ते बघा, मात्र कासवं अंडी घालतात तो पट्टा सोडून. नाहीच मिळाली तर तोडून न्या.

सुरुंगाचं उत्तर ओरेगनमधल्या फ्लॉरेन्सला १९७० साली मिळालं. अर्धा टन डायनामाइट. चरबीचा एक तुकडा सुमारे ४०० मीटरवर उभ्या असलेल्या गाडीचं छप्पर चेपून गेला आणि देवमाशाचा मोठा भाग तिथेच राहिला.

हाडवैद्य
तोडायची तर आडव्या पट्ट्यांनी. अर्धा मीटर रुंदीची चरबीची पट्टी, तिच्या टोकाला भोक, त्यात साखळी. पोकलेनने हळू ताण द्यायचा आणि एकाने खालचा पांढरा पडदा कापत जायचं. ताण असला की पातं नुसतं टेकवलं तरी चालतं, नसला की कितीही घासा. वाळूने धार दहा मिनिटांत जाते, त्यामुळे दोन माणसं कापायला तर एक सतत धार लावायला. तुकडे दोन-तीन टनांचे. पाठीचा कणा सुरीने मणक्यांच्या सांध्यातच सोडवा, बकेटने मोडू नका. मोडलेल्या हाडाची टोकं ताडपत्री फाडतात.

डंपरच्या तळाला ताडपत्री, त्यावर वीतभर भुसा, वरून पुन्हा ताडपत्री. मागचं फळकं गळतंच, भुसा तिकडे जास्त टाका. १० टनी गाडीच्या वजनाने तीन खेपा दिसतात, पण तुकडे रचता येत नाहीत आणि वाळू चिकटून येते, पाच-सहा धरा. कचरा डेपोवर खड्डा आधी खणून घ्यायला सांगा.

सांगाडा कुणाला हवा असेल तर आत्ताच ठरवा. पुढच्या वल्ह्यासारख्या परांतली बारीक हाडं प्रत्येक बाजूची वेगळ्या नायलॉन जाळीत, डावं-उजवं लिहून. कमरेची दोन सुटी हाडं कण्याला जोडलेली नसतात, मांसात लपलेली असतात. ती चरबीबरोबर डंपरमध्ये जातात आणि मग सापडत नाहीत.