होमो नालेदीचं वय थेट हाडावरून का काढलं नाही?

विशाखा_प
दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत सापडलेल्या होमो नालेदी या प्राचीन मानव प्रजातीचा शोध २०१५ मध्ये जाहीर झाला, पण वय कळायला २०१७ उजाडलं, तेही '२,३६,००० ते ३,३५,००० वर्षं' असं. इथिओपियातल्या लूसी या आदिमानवी सांगाड्याचं वय मात्र ३२ लाखांच्या आसपास म्हणून ठामपणे सांगतात. कार्बन-१४ पन्नास हजार वर्षांपुढे चालत नाही हे माहीत आहे. पण हाडं-दात हाताशी असताना त्यांवरूनच वय का काढत नाहीत? आणि एक लाख वर्षांचा फरक म्हणजे मोजमाप इतकं ढोबळ असतं का?

भूस्तर
लूसीचंही हाड कुणी मोजलेलं नाही. मोजली ती हदारच्या (जिथे ती सापडली) थरांमधली ज्वालामुखीची राख. राखेतल्या फेल्डस्पार या खनिजामधल्या पोटॅशियम-४० चा क्षय होऊन आर्गॉन-४० साठत जातो (अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं). वितळलेल्या खडकातून आधीचा आर्गॉन निघून गेलेला असतो, म्हणून मोजणी उद्रेकापासून सुरू होते. नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवतात. त्यात पोटॅशियम-३९ चा काही भाग आर्गॉन-३९ होतो, आणि त्यावरून पोटॅशियम किती होतं ते कळतं. मग लेसरने एकेक स्फटिक वितळवून दोन्ही आर्गॉनचं गुणोत्तर काढायचं.

एकेकच स्फटिक का, ते केनियातल्या पूर्व तुर्कानाच्या 'केबीएस' नावाच्या राखथरावरून कळतं. तिचं वय सुरुवातीला २६ लाख वर्षं आलं होतं, पण त्या थरांतल्या डुकरांचे जीवाश्म इतके जुने वाटेनात. वाहून आलेल्या राखेत जुन्या खडकाचे कण मिसळलेले असतात आणि मूठभर नमुना एकत्र वितळवला की ते वय फुगवतात. आज ते वय १९ लाखांच्या जरा आत धरतात. तिच्याखाली सापडलेली १४७० क्रमांकाची आदिमानवाची कवटीही त्यामुळे बरीच अलीकडची ठरली.

नालेदीच्या गुहेत अशी राखच नाही.

क्षारपापुद्रा
हाडाची अडचण अशी, की जिवंत हाडात युरेनियम जवळजवळ नसतं. पुरल्यावर ते भूजलातून शिरतं आणि पुढे धुपूनही जाऊ शकतं. किती आलं, किती गेलं याचा हिशेब नसेल तर युरेनियम-थोरियमचं गणित (युरेनियमच्या क्षयातून साठलेल्या थोरियम-२३० वरून वय काढणं) बसत नाही.

गुहेतला चुनखडीचा पापुद्रा त्या मानाने भरवशाचा. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम नाही. म्हणून ताज्या पापुद्र्यात थोरियम-२३० जवळपास शून्य असतं. फक्त माती मिसळलेला तुकडा घेऊ नका: मातीबरोबर आयतं थोरियम येतं आणि वय जास्त दिसतं. थोरियम-२३२ भरपूर निघालं, तर ती मिसळ ओळखायची.

नालेदीच्या अवशेषांवर साचलेल्या पापुद्र्याने किमान वय दिलं, २,३६,०००. कमाल वय दातांच्या ईएसआर मापनातून (किरणोत्सारामुळे दातात अडकून साठलेल्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीतून) आलं. दातात युरेनियम लवकर शिरलं असं धरलं तर वय कमी येतं, उशिरा शिरलं असं धरलं तर जास्त, आणि ३,३५,००० ही त्यातली वरची मर्यादा. त्यामुळे हा लाखाचा फरक उपकरणाची चूक नव्हे. दोन वेगळ्या पुराव्यांनी घातलेल्या त्या दोन कडा आहेत. नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांना एकमेकींचे निकाल न कळवता दिले होते. वेळ लागला तरी हे करायलाच हवं.

विशाखा_प
आता उलगडलं. आणि गाळाचं वय? ओएसएलसाठी, म्हणजे कणांना शेवटचा उजेड कधी लागला ते मोजण्यासाठी, नमुना कसा घेतात?

भूस्तर
थराचा दर्शनी भाग खरवडून लोखंडी नळी ठोकायची, काढताच दोन्ही तोंडं काळ्या आवरणाने बंद करायची. प्रयोगशाळेत मंद लाल प्रकाशातच उघडायची आणि टोकांकडची माती, जिला उजेड लागला असेल, ती वयासाठी वापरायची नाही. आतल्या मातीतले ९० ते २५० मायक्रॉनचे क्वार्ट्झ कण वेगळे करायचे. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जातो. शेवटी हायड्रोफ्लोरिक आम्लाने उरलेला फेल्डस्पार आणि कणाचा बाहेरचा थर जातो. हे आम्ल घातक आहे, प्रशिक्षित माणसाशिवाय हात लावू नये.

गाडल्यापासून कणात साठलेली किरणोत्साराची मात्रा १५० ग्रे (मात्रेचं एकक) आणि ती साठण्याचा दर हजार वर्षांना २ ग्रे असेल तर वय ७५,००० वर्षं. चुका बहुतेक दराच्या बाजूला होतात. मातीतलं पाणी किरणं शोषतं, म्हणून ती कोरडी धरली की वय कमी येतं. ओलाव्यासाठी वेगळी हवाबंद पिशवी भरा. गॅमा किरणं साधारण ३० सेंटिमीटरवरून पोचतात, तेवढ्या अंतरात मोठा दगड असेल तर दर जागेवरच मोजा. गुहेत आणखी एक धोका: छतातून झडलेल्या कणांना उजेड लागलेलाच नसतो, ते खूप जुने दिसतात. तिथे एकेक कण मोजून विखुरलेले आकडे बघावे लागतात.